विश्लेषण : ८० डॉलरचा ‘स्नोमॅन’ आजही का आठवतो?

हा घोडा कोण?
अमेरिकेत १९५६ मध्ये कत्तलखान्याकडे निघालेला नांगराचा घोडा हॅरी डी लेयर यांनी ८० डॉलरला विकत घेतला. लाँग आयलंडवरील मुलींच्या शाळेत ते घोडेस्वारी शिकवत. शांत स्वभावाचा स्नोमॅन नवशिक्या मुलींचा लाडका झाला.

विजेता कसा ठरला?
डी लेयर यांनी त्याला शेजाऱ्याला विकले. पण कुंपणे ओलांडून तो परत येई. त्यातून त्याची झेप कळली. १९५८ आणि १९५९ मध्ये तो अडथळ्यांवरून उडी मारण्याच्या स्पर्धेत (शो जंपिंग) राष्ट्रीय विजेता ठरला.

आठवण का टिकली?
विजेतेपदानंतरही डी लेयर यांची मुले त्याच्या पाठीवर बसून समुद्रात डुंबत. १९७४ मध्ये तो गेला. बाजाराने मांसाच्या भावात तोललेल्या घोड्याने अनेकांची घोड्याविषयीची भीती घालवली होती.