बर्फाची वाट

ध्रुवीय अस्वल बघायला जायचं म्हटलं, की पहिला प्रश्न येतो तो कुठल्या कंपनीबरोबर जायचं हा. ताडोबाच्या सवयीचा हा परिणाम. तिथे आपण गेट निवडतो, जिप्सी ठरवतो, चांगला गाइड मिळावा म्हणून ओळखी काढतो. ते योग्यच आहे, कारण ताडोबातला वाघ आपल्या हद्दीला बांधलेला असतो. उन्हाळ्यात पाणवठे आटले, की उरलेल्या पाण्यावर तो कुठे उतरेल हे गाइडला तोंडपाठ असतं.

ध्रुवीय अस्वलाला हद्दच नसते. असणार कशी? त्याच्या पायाखालची जमीन वाहती आहे. रात्री ज्या तुकड्यावर ते झोपलं, तो तुकडा सकाळपर्यंत वाऱ्याने आणि प्रवाहाने भलतीकडे नेलेला असतो. तेव्हा सहल ठरवताना कंपनीच्या आधी बर्फ ठरवावा लागतो. कुठल्या समुद्रावरचा, कुठल्या महिन्यातला, गोठत आलेला की फुटत चाललेला. एकदा ते ठरलं, की बाकीचे निर्णय बरेचसे आपोआप होतात.

या प्राण्याचं शास्त्रीय नाव आहे उर्सस मॅरिटिमस, म्हणजे सागरी अस्वल. 1774 मध्ये फिप्स या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने ते दिलं, आणि ते नेमकं आहे. ध्रुवीय अस्वलाचं पोट समुद्रावर चालतं. त्याचं मुख्य अन्न म्हणजे सील. उघड्या पाण्यात सीलचा पाठलाग करून तो पकडणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. पण सीलला श्वास घ्यायला वर यावं लागतं आणि समुद्र गोठलेला असला, की वर यायला बर्फातली मोजकी भोकंच उरतात. अस्वल त्या भोकाशी जाऊन बसतं. तासन्‌तास. वसंतात सीलची पिल्लं जन्मतात तेव्हा त्याची खरी चंगळ, वर्षभराच्या चरबीचा मोठा हिस्सा त्या काही आठवड्यांतच अंगावर चढतो. बर्फ म्हणजे त्याचं ताट. ताट वितळलं, की उपास.

नावाची आणखी एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. आर्क्टिक हा शब्द ग्रीक ‘आर्क्टोस’वरून आला. आर्क्टोस म्हणजे अस्वल. पण त्या ग्रीकांच्या डोळ्यांपुढे पांढरं अस्वल नव्हतं, होतं ते उत्तरेच्या आकाशातलं, ताऱ्यांचं अस्वल. आपण त्या ताऱ्यांना सप्तर्षी म्हणतो. आणि संस्कृतातला ‘ऋक्ष’ हा या आर्क्टोसचा सख्खा भाऊ आहे. सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत, असं शतपथ ब्राह्मणातच सांगितलं आहे. दक्षिणेकडचं अंटार्क्टिक म्हणजे अस्वलाच्या विरुद्ध दिशेचं, आणि योगायोग असा, की तिथे खरोखरच अस्वल नाही. एकाच सहलीत पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वल दोन्ही रानात दाखवायचं आश्वासन कुणी दिलं, तर त्याला अ‍ॅडव्हान्स देऊ नये.

आता बर्फाकडे येऊ. सामान्य माणसाला जमिनीवरून, खात्रीने म्हणावं इतक्या भरवशाने ध्रुवीय अस्वलं दिसण्याचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध ठिकाण आर्क्टिक वृत्ताच्या आत नाहीच. कॅनडातलं चर्चिल हे गाव 58 अंशांवर आहे, म्हणजे स्टॉकहोमच्याही थोडं दक्षिणेला. जेमतेम 900 वस्ती, हडसन उपसागराचा पश्चिम काठ, धान्य जहाजांत चढवण्यासाठी बांधलेलं एक बंदर. अस्वलं इथे का जमतात, याचं उत्तर एखाद्या घड्याळाच्या आतल्या चाकांसारखं आहे.

हडसन उपसागर हिवाळ्यात जवळजवळ पूर्ण गोठतो आणि उन्हाळ्यात पूर्ण वितळतो. बर्फ फुटू लागला, की वायव्येचे वारे आणि घड्याळाच्या उलट फिरणारे प्रवाह त्याचे तुकडे दक्षिणेकडे ढकलत नेतात. अस्वलं शेवटच्या तुकड्यापर्यंत शिकार करत राहतात आणि साधारण जुलैत, तो तुकडाही विरघळला, की पोहत काठाला लागतात. चर्चिलच्या बरंच खाली. मग उन्हाळाभर ती मातीत खड्डे करून थंडाव्याला पडून राहतात. दिवसाला सुमारे किलोभर वजन उतरत असतं. शरद सरत आला, की काठाकाठाने उत्तरेकडे चालू लागतात, कारण नवा बर्फ पहिल्यांदा तिकडे धरतो. उत्तरेचा गारठा तिथे आधी पोचतो, आणि चर्चिल नदी आपलं गोडं पाणी तिथेच समुद्रात ओतते. गोडं पाणी खाऱ्याच्या आधी गोठतं. झालं! ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत त्या किनाऱ्यावर उपाशी, जडशीळ, कंटाळलेल्या अस्वलांचा एसटी स्टँड होतो. गाडी येणार हे सगळ्यांना ठाऊक, कधी येणार ते कुणालाच नाही.

या स्टँडवरची करमणूक हेच पर्यटकांचं भाग्य. बर्फावर असती तर एकमेकांपासून मैलोन्‌मैल लांब राहिली असती अशी अस्वलं इथे शेजारी शेजारी येतात. मोठे नर मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांशी कुस्ती खेळतात. ही मस्तीच, खरी झुंज वसंतात माद्यांसाठी व्हायची असते. साडेचारशे-पाचशे किलोंचे दोन पैलवान मिठी मारून डोलतात, आपटतात, दमून बसतात, बर्फ तोंडात धरून अंग थंड करतात, आणि पुन्हा सुरू.

हे बघायचं ते टंड्रावर चालणाऱ्या अजस्र गाड्यांतून. त्यांची चाकं माणसाच्या उंचीला येतात आणि खिडक्या अस्वल उभं राहिलं तरी त्याच्या पंज्याला सहज सापडू नयेत इतक्या वर असतात. या गाड्या लष्कराने मागे सोडलेल्या जुन्या वाटांवरूनच चालतात आणि त्यांचे परवाने मोजके आहेत. इथे ग्राहकाच्या कामाची एक गोष्ट : जगभरच्या कितीतरी कंपन्या चर्चिलच्या सहली विकतात, पण सरतेशेवटी पाहुणे जाऊन बसतात ते त्याच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गाडीमालकांच्या गाड्यांत. अस्वलं तीच, वाट तीच. फरक पडतो तो गाडीत किती माणसं कोंबली आहेत, बरोबरचा मार्गदर्शक काय जाणतो आणि टंड्रावर दिवस किती मिळणार, यात. रंगीत माहितीपत्रकात हॉटेलच्या गादीचं वर्णन लांबलचक असतं. या तीन गोष्टी मात्र खोदून विचाराव्या लागतात.

दिवसांबद्दल तर हट्टच धरावा. विनिपेगहून सकाळी विमानाने जाऊन रात्री परत, अशीही सहल मिळते. पण एक हिमवादळ आलं, की तो एकच दिवस खिडकीबाहेरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघण्यात जातो. गाडीतले दोन-तीन दिवस तरी हवेत. टंड्रावरच मुक्कामाला उभी केलेली, रेल्वेच्या डब्यांसारखी एकाला एक जोडलेली निवासस्थानंही असतात. खर्चिक आहेत, पण रात्री गाडीखालून अस्वल जाताना ऐकायला मिळतं. चर्चिलला रस्ता जात नाही. विमान परवडत नसेल तर विनिपेगहून सुमारे 1,700 किलोमीटरची रेल्वे आहे. दलदलीवरून आणि गोठलेल्या मातीवरून ती रांगत जाते आणि पोचायला दोन दिवस घेते. 2017 च्या पुरात हा मार्ग वाहून गेला तेव्हा गावाचा जमिनीवरून जगाशी असलेला संबंध वर्षाहून अधिक काळ तुटला होता.

टंड्रावरच्या गाड्यांच्या मागच्या बाजूला उघडा सज्जा असतो. त्याची जमीन जाळीची. कुतूहलाने अस्वल खाली येतं, वर तोंड करतं आणि जाळीतून हुंगतं. आपल्या बुटाच्या तळव्याखाली, वीतभर अंतरावर, ते काळं ओलं नाक. तेव्हा लक्षात येतं, की हा प्राणी पांढरा नाहीच. त्याचे केस रंगहीन आणि आतून पोकळ, कातडी काळी. प्रकाश केसांत विखुरतो म्हणून ते पांढरं भासतं, आणि खऱ्या बर्फाशेजारी उभं राहिलं, की दिसतं पिवळसर. तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखं.

गावाचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. चर्चिलमध्ये पुष्कळजण गाडीच्या दारांना कुलूप लावत नाहीत, रस्त्यात अस्वलाशी गाठ पडली तर कुणालाही पटकन आत शिरता यावं म्हणून. 31 ऑक्टोबरला पोरं हॅलोविनची सोंगं घेऊन दारोदार फिरतात, नेमकी हंगामाच्या ऐन भरात, म्हणून त्या रात्री गावाभोवती खास गस्त असते. गावात वारंवार शिरणाऱ्या अस्वलांसाठी एका जुन्या लष्करी इमारतीत 28 कोठड्यांचा तुरुंग आहे. कैद्याला पाणी मिळतं, अन्न नाही. माणसाजवळ गेलं की खायला मिळतं, हा धडा त्याला मिळू नये यासाठी. तसाही त्याचा उपासच चालू असतो. काही आठवड्यांनी त्याला गुंगी देऊन, जाळ्यात घालून, हेलिकॉप्टरला लटकवून उत्तरेला नेऊन सोडतात.

ज्यांना गर्दीच नको, त्यांच्यासाठी याच किनाऱ्यावर छोट्या विमानाने पोचायची एकाकी निवासस्थानं आहेत. तिथे अस्वल बघायला बंदूकधारी मार्गदर्शकामागे एका रांगेत पायी जातात. धाडस म्हणून ठीक, पण इथे मार्गदर्शकाचा अनुभव किती वर्षांचा, हे विचारताना मुळीच संकोच करू नये.

पिल्लं बघायची असतील, तर पंचांगच बदलतं. चर्चिलच्या दक्षिणेला वापुस्क राष्ट्रीय उद्यान आहे. वापुस्क म्हणजे क्री भाषेत पांढरं अस्वल. इथे माद्या माती उकरून बिळं करतात. त्यांचा समागम होतो वसंतात, पण गर्भ तेव्हा रुजत नाही. नुसताच थांबून राहतो. शरदापर्यंत आईच्या अंगावर पुरेशी चरबी साठली, तरच तो गर्भाशयाला धरतो. नाहीतर शरीर त्याला मुकाट्याने सोडून देतं. ऐन थंडीत जन्मणारं पिल्लू सुमारे 600 ग्रॅमचं, ओंजळीत सहज मावेल एवढं. आई जवळजवळ आठ महिने काहीही न खाता त्याला पाजते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बिळाचं तोंड फुटतं आणि पिल्लं पहिल्यांदा उजेडात येतात. हे बघायला उणे 30-40 अंशांत दिवसभर एका बर्फाच्या उंचवट्याकडे डोळे लावून उभं राहावं लागतं. आणि कधीकधी दिवस मावळला तरी उंचवटा तसाच असतो.

दुसरा बर्फ नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्डचा. हा उत्तर ध्रुवाच्या बराच जवळ. इथल्या न्यू-ओलेसुंड या वस्तीत 2008 पासून भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे, आणि ते चालवणारी संस्था आहे गोव्यातल्या वास्कोची. इथे अस्वल बघायचं ते उन्हाळ्यात, जहाजाच्या कठड्यावरून. मध्यरात्रीही सूर्य असतो, त्यामुळे पहाटे तीनला ‘अस्वल!’ अशी हाक आली तरी बाहेर उजेडच. ‘स्वालबार्डमध्ये माणसांपेक्षा अस्वलं जास्त’ हे वाक्य जाहिरातींत हमखास भेटतं, पण तो मोठा आकडा संपूर्ण बॅरेंट्स समुद्राचा आहे. बेटांवर वर्षभर राहणारी अस्वलं सुमारे 300 आहेत.

2025 पासून तिथे कायदाही कडक झाला. अस्वलापासून निदान 300 मीटर लांब राहायचं, आणि मार्च ते जून 500 मीटर. 300 मीटर म्हणजे क्रिकेटच्या पंधरा खेळपट्ट्या एकापुढे एक. एवढ्या अंतरावरून मोबाइलच्या फोटोत अस्वल म्हणजे साखरेचा दाणा. मला हा नियम आवडतो. 2018 मध्ये एका क्रूझ जहाजाचे पहारेकरी पर्यटकांसाठी किनारा तपासायला उतरले, एकावर अस्वलाने हल्ला केला आणि अस्वलाला गोळी घालावी लागली. जी कंपनी आजही ‘अगदी जवळून’ दाखवतो म्हणते, ती एकतर खोटं बोलते किंवा कायदा मोडते. चांगली दुर्बीण न्यावी, आणि लहान जहाज निवडावं. संरक्षित भागात 200 हून अधिक प्रवाशांच्या जहाजांना आता मज्जावच आहे. आणखी एक बारीक पण महाग पडणारी बाब : स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. ओस्लोहून तिकडे जाऊन परतायचं, तर भारतीय पासपोर्टवर दोनदा प्रवेशाचा व्हिसा लागतो.

ग्रीनलंडचा पूर्व किनारा आणि रशियाचं रँगल बेट ही ठिकाणंही आहेत. पण तिथली सहल ही मुख्यतः समुद्रसफर, अस्वल दिसलं तर प्रसाद.

हडसन उपसागराच्या पश्चिम काठावर 1980 च्या दशकात सुमारे 1,200 अस्वलं होती. 2021 च्या मोजणीत 618 भरली. बर्फ लवकर जातो, उशिरा येतो. जमिनीवरचा उपास तीन-चार आठवड्यांनी लांबला आहे. पर्यटकाच्या दृष्टीने याचा अर्थ चमत्कारिक आहे : स्टँडवर प्रवासी अधिक काळ ताटकळतात, म्हणून ते बघायला सवडही अधिक मिळते. आणि ते बघायला आपण जातो तो धूर सोडतच. मी जाऊ नका म्हणणार नाही. मला स्वतःला जायचं आहे.

गेलो, तर हंगामाच्या अगदी शेवटच्या आठवड्यात जावं म्हणतो. जाणकार या तारखा टाळतात, कारण उपसागर कधी गोठेल याचा नेम नसतो. वायव्येचा वारा दोन रात्री नेटाने सुटला, की पाणी आधी साबुदाण्याच्या खिरीसारखं दाटतं, मग राखाडी होतं, मग हलायचं थांबतं. अस्वल काठावर येतं. एक पंजा ठेवून बघतं. पातळ बर्फावर ते चारी पाय फाकवून, पोट जवळजवळ टेकवत सरकतं, वजन पसरवून, एखादं रांगतं मूल ओल्या फरशीवरून जावं तसं. थोडं पुढे गेल्यावर उभं राहतं. मग चालू लागतं. किनाऱ्यावरच्या गाड्यांतून सायीच्या रंगाचा तो ठिपका बराच वेळ दिसत राहतो. एक-दोन दिवसांत स्टँड रिकामा होतो.