काटा पन्नासवर

वैनगंगेत कुणी बुडालं की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात शेवटची ओळ ठरलेली असते: ढिवर बांधवांच्या मदतीने मृतदेह बाहेर काढण्यात आला. बुडालेल्याचं नाव, गाव, वय सगळं छापून येतं. काढणाऱ्याचं काहीच येत नाही. ती ओळ पुन्हा पुन्हा वाचून अखेर अशा एकाला भेटायला भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यातल्या शिवनीबांध तलावावर गेलो. पस्तिशीतला हा ढिवर, म्हणजे पिढीजात मासेमार, तारकर्लीला जाऊन स्कुबा शिकून आला आहे आणि आता गावच्या दोन पोरांना तयार करतो आहे.

पोरं पट्टीची पोहणारी. तळाशी अडकलेलं जाळं बुडी मारून सोडवणारी. अडचण नेमकी तिथेच आहे. बुडी मारणारा छातीत हवा भरून दम धरतो. खाली पाण्याच्या दाबाने ती हवा आक्रसते, वर येताना होती तेवढीच होते. सिलिंडरचं गणित वेगळं. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो आणि रेग्युलेटर त्याच दाबाची हवा तोंडात देतो. ती कोंडून माणूस वर आला तर हवा दुप्पट व्हायला बघते. फुप्फुस फाटू शकतं. दाब सगळ्यात झपाट्याने बदलतो तो वरच्या थरात, त्यामुळे दोन पुरुष पाण्यातही हा धोका असतोच. बापजाद्यांकडून अंगात मुरलेलं दम धरणं या पोरांना आधी सोडावं लागतं.

"दम धराचा नाई. घेत राहाचा, सोडत राहाचा," तो सांगत होता. पट्टे आवळणं, हवा तपासणं झटपट उरकलं. कमरेएवढ्या पाण्यात गुडघे टेकून धाकट्याने तोंडातला रेग्युलेटर काढला. तो हातात असेपर्यंत ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे असतात. पोराचे ओठ घट्ट मिटलेले. गुरूने हनुवटीला बोट लावलं. बुडबुडे आले, तुटले, पुन्हा आले. मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने फुंकून काढणं त्याला लगेच जमलं. ओठ मात्र दर खेपेला मिटत होते, आणि दर खेपेला ते बोट न चिडता हनुवटीशी जात होतं.

तारकर्लीच्या समुद्रात निदान आपला हात दिसतो. इथे तळ ढवळला की काहीच नाही. "डोरे उघडून फायदा नाई जी, हातानं पाहाचं." दोरीचं एक टोक काठावरच्या माणसाकडे, दुसरं धरून, दोरी ताणून अर्धगोल फिरत चिखल चाचपायचा, मग दोरी थोडी लांबवून पुन्हा. नवखा पाय मारून गाळ उठवतो, धापा टाकून हवा संपवतो. सरावाने श्वास लांबतो, कमरेचं शिसं कमी लागतं, अंग आडवं तरंगतं.

सिलिंडर 200 बारला भरलेला असतो. "काटा पन्नासवर आला का वर." हे वाक्य त्याने किती वेळा म्हटलं असेल! मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "माय काठावर बसली असते. लोक म्हनतात, अजून एकदा जा. काटा पन्नासवर असते. वर येवाचं. पन्नास म्हंजे पन्नास."

माझ्या मते या कामातलं सगळ्यात कठीण कसब हेच आहे. जिवावर उदार झाले म्हणून या माणसांचं कौतुक करणं मला पटत नाही. जीव सांभाळून पाण्यात उतरणं ते वर्षानुवर्षं शिकत आले आहेत. गोसीखुर्द धरणाचं पाणी मागे भंडाऱ्यापर्यंत चढल्यापासून नदी बारमाही खोल झाली आहे. 2020 च्या ऑगस्टअखेरचा महापूर तर भंडारेकर विसरलेले नाहीत. अशा जिल्ह्यात पाणबुड्याला मानधन, विमा आणि स्वतःचा सिलिंडर मिळालाच पाहिजे. बोलावणं आलं की त्याची मासेमारीची सकाळ बुडते, आणि त्या बुडीत सकाळचे पैसे कुणी देत नाही, असं तो सांगतो.

पावसाळ्याआधी पोरं तयार होतील का, असं निघताना विचारलं.

"मोठा होईल. लहान्याला पुढच्या साली नेईन."