काचेआडचे दोन कोटी तीस लाख ठिपके

साडेसात मायक्रॉन. माणसाच्या रक्तातली एक तांबडी पेशी साधारण एवढीच रुंद असते, आणि अ‍ॅपलच्या ‘व्हिजन प्रो’ या हेडसेटच्या पडद्यावरचा एकेक पिक्सेलही एवढाच. २ फेब्रुवारी २०२४ रोजी हा हेडसेट अमेरिकेत विक्रीला आला, आणि लगेच कॅलिफोर्नियातल्या ‘आयफिक्सइट’च्या तंत्रज्ञांनी तो सुटा करायला घेतला. नवं उपकरण उघडायचं आणि ते दुरुस्त होण्याजोगं आहे का, हे जगाला दाखवायचं, यासाठीच ही कंपनी ओळखली जाते. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पडदा मोजला. उजळणारा भाग जेमतेम २७.५ मिलिमीटर रुंद, २४ मिलिमीटर उंच. आणि तेवढ्यात ३,६६० गुणिले ३,२०० पिक्सेल! दोन्ही डोळ्यांचे मिळून दोन कोटी तीस लाखांहून जास्त. आयफोन १५ प्रोचा एक पिक्सेल जेवढी जागा घेतो, तेवढीत इथे पन्नासाहून अधिक मावतात. इतकी बारीक कारागिरी फोनच्या पडद्यासारखी काचेवर जमत नाही. म्हणून इथे प्रोसेसरसाठी वापरतात तशा सिलिकॉनच्या चकतीवरच पडदा घडवला जातो.

पण असा पडदा डोळ्यापासून काही सेंटिमीटरवर धरला तर काहीच स्पष्ट दिसणार नाही. इतक्या जवळ आपली नजर स्थिरावत नाही. मध्ये भिंग हवं, आणि साधं भिंग घ्यायचं तर हेडसेट नाकापुढे लांबवर येईल. त्यावर उपाय म्हणजे ‘पॅनकेक’ भिंगं. यांच्या आत प्रकाश पुढे जातो, मागे परततो, पुन्हा पुढे येतो. लांबचा रस्ता थोड्या जाडीत घडी घालून बसवलेला असतो. या घडीची किंमत मोठी आहे. वाटेतला अर्धपारदर्शक आरसा प्रकाशाला दोनदा भेटतो आणि दर वेळी निम्मा प्रकाश वाया जातो, म्हणजे फार तर एक चतुर्थांश डोळ्यापर्यंत पोहोचतो. म्हणून पडदा अतिशय प्रखर लागतो. प्रखर पडदा तापतो, शेजारच्या दोन चिपही तापतात, आणि चेहऱ्याला टेकलेली वस्तू तापून चालत नाही. म्हणून आत पंखे आले. एका भिंगाच्या निवडीतून एवढं सगळं ओढलं जातं.

याहून विलक्षण गोष्ट मला वेळेची वाटते. हा हेडसेट पारदर्शक नाही. घातल्यावर समोरची खोली दिसते ती कॅमेऱ्यांनी टिपून पडद्यावर उमटवलेली. मान वळली की कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव मेंदूला ते ताबडतोब कळवतो. चित्र मागे पडलं तर डोळे एक सांगतात, कान दुसरं, आणि पोटात ढवळायला लागतं. म्हणून १२ कॅमेरे, ५ सेन्सर आणि ६ मायक्रोफोन यांच्याकडून येणारी माहिती हाताळायला ‘आर१’ ही वेगळी चिप ठेवली आहे. बाहेरचा प्रकाश कॅमेऱ्यात शिरून पडद्यावर उमटेपर्यंत १२ मिलिसेकंद लागतात, असं अ‍ॅपल सांगतं. पापणी एकदा लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

दर्शनी भाग तर आणखी अवघड. घालणाऱ्याचे डोळे समोरच्याला दिसावेत म्हणून तिथे बाहेरच्या बाजूलाही एक पडदा आहे. त्यावर बारीक उभ्या पन्हळींसारख्या भिंगांचा थर असतो. तिरकं केल्यावर बदलणारी देवादिकांची चित्रं आपण जत्रेत पाहिली आहेत, त्यांच्या पृष्ठभागावरचा रेघांचा थर तो हाच. त्यामुळे वेगवेगळ्या कोनांतून वेगवेगळं चित्र दिसतं आणि डोळ्यांना खोलीचा भास मिळतो. पण एकाच पडद्याचे पिक्सेल अनेक चित्रांत वाटले जातात, म्हणून ते डोळे पुसट दिसतात.

आणि दुरुस्तीची अडचण नेमकी इथेच सुरू होते. आत शिरायचं तर आधी या बाहेरच्या पडद्यावरची वक्र काच काढावी लागते, आणि ती गोंदाने चिकटवलेली आहे. आयफिक्सइटच्या तंत्रज्ञांनी गोंद मऊ करायला उष्णता दिली, तर काचेवरची प्लास्टिकची पातळ फिल्मच सुटून आली. हातातून पडल्यावर सगळ्यात आधी फुटणारी वस्तू आणि प्रत्येक दुरुस्तीच्या वाटेत आडवी येणारी वस्तू एकच! ३,४९९ डॉलरच्या या यंत्राची फुटलेली काच विम्याशिवाय बदलण्याचा खर्च ७९९ डॉलर होता. भिंग आणि पडदा जागचे जराही हलू नयेत म्हणून त्यांची जोडणी पक्की ठेवली, हे मला पटतं. बाहेरच्या काचेला अशी सबब नाही. पुसट दिसणाऱ्या डोळ्यांसाठी एवढं नाजूक तोंड पत्करणं ही माझ्या मते या रचनेतली सगळ्यात महागडी चूक आहे.

मात्र शरीराला टेकणाऱ्या भागांचा विचार फार आपुलकीने झाला आहे. चेहऱ्यावरची गादी चुंबकाने बसते, नंबरची भिंगंही चुंबकानेच. स्पीकर असलेल्या बाजूच्या पट्ट्या सिमकार्डाच्या पिनेने सुटतात. ३५३ ग्रॅमची बॅटरी डोक्यावर नाहीच, ती वायरीने जोडून खिशात ठेवायची. सगळ्यात आधी थकणारा भाग असा आपोआप बाहेर राहिला. या सगळ्याचा विचार करून आयफिक्सइटने दुरुस्तीसाठी तात्पुरते दहापैकी चार गुण दिले.

ऑक्टोबर २०२५मध्ये या हेडसेटची एम५ या नव्या मुख्य चिपची आवृत्ती आली. पुढची काच जुन्याच घडणीची राहिली. डोक्यामागचा पट्टा मात्र नवा, दुहेरी केला आहे, आणि तो वेगळा विकत घेऊन २०२४च्या हेडसेटलाही लावता येतो.