ऊसवाहतुकीची ट्रॉली व तिचे टायर

भरलेली ट्रॉली उतारावर हेलकावे खाऊ लागली की दोष बहुधा रस्त्यास दिला जातो. वस्तुतः टायर कमी भारक्षमतेचे असल्यास त्यांच्या बाजू वजनाखाली दबतात, ट्रॉली डोलते व तो झोका ट्रॅक्टरपर्यंत पोचतो. यास्तव किमतीआधी टायरवर छापलेली भारक्षमता पाहावी; रिकामी ट्रॉली व ऊस मिळून चाकावर येणारा भार तिच्या आत असावा. एकाच आसावर एक नवा व एक झिजलेला टायर बसविण्याची काटकसर (ती सर्रास दिसते) महागात पडते. स्वस्त टायर घेताना निर्मितीचे चार अंक वाचावेत. २३२४ म्हणजे २०२४ मधील तेविसावा आठवडा. हवेचा दाब टायर थंड असतानाच मोजावा, कारण तापलेल्या टायरमध्ये तो वाढलेला दिसतो.