खांद्याची दुखापत आणि शिकारीच्या धनुष्याची निवड

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणे हा कायद्याच्या चौकटीत चालणारा एक रूढ छंद आहे. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली धनुर्धरांकरिता हरणाच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम ठेवला; पुढे इतर राज्यांतही ही प्रथा दृढ झाली. या छंदात वर्षे घालविलेल्या माणसाचा खांदा दुखावला म्हणजे त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो, की छंद सोडावा की धनुष्य बदलावे. बदलण्याचे ठरल्यास तो बहुधा एवढेच पाहतो, की आपल्याला आता किती पौंडांचे धनुष्य ओढता येते. वस्तुतः विचारावयाचा प्रश्न याच्या उलट आहे. कमीत कमी किती भारात आपले काम निर्दोषपणे होईल, हे प्रथम ठरविले पाहिजे.

यासाठी खांद्याची रचना ध्यानात घेणे अवश्य आहे. दंडाच्या हाडाचे गोल डोके फऱ्याच्या एका उथळ खळगीत टेकलेले असते. खळगी उथळ असल्यामुळे हात सर्व दिशांनी फिरतो. परंतु त्याच कारणामुळे सांध्याचे स्थैर्य हाडांपेक्षा स्नायूंवर अधिक अवलंबून राहते. चार लहान स्नायू आपल्या कंडरांनी, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोरांनी, हे डोके खळगीत धरून ठेवतात. या समूहास ‘रोटेटर कफ’ म्हणतात. त्यांपैकी वरची कंडरा हाडाच्या एका छपराखालून जाते. दंड खांद्याच्या पातळीवर उचलून जोर लावला, की ती त्या छपराखाली चिमटली जाण्याचा संभव असतो. फाटलेली कंडरा शस्त्रक्रियेने शिवल्यास हात सामान्यतः चार ते सहा आठवडे झोळीत ठेवावा लागतो, बळ वाढविण्याचे व्यायाम सुमारे बारा आठवड्यांनंतर सुरू होतात, आणि जोराच्या कामास सहा महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. धनुष्य हाती केव्हा घ्यावे हे शल्यचिकित्सकानेच सांगावयाचे असते. कोणते घ्यावे, हा विचार त्यानंतरचा होय.

कंपाउंड धनुष्य हे मिसूरी राज्यातील हॉलेस विल्बर ॲलन यांनी शोधून काढले. त्यांनी १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला व १९६९ मध्ये ते त्यांना मिळाले. साध्या धनुष्यात दोरी जितकी मागे यावी तितका भार वाढत जातो, आणि नेम धरण्याच्या क्षणी तो सर्वांत अधिक असतो. कंपाउंड धनुष्याच्या दोन टोकांना कॅम नावाची विषम आकाराची चाके बसविलेली असतात. त्यांच्यामुळे भार प्रथम शिखरास पोहोचतो आणि ओढीच्या अखेरीस एकदम उतरतो. या उतारास ‘लेट-ऑफ’ म्हणतात. सत्तर पौंडांच्या धनुष्यात तो ऐंशी टक्के असेल, तर नेम धरताना हातावर केवळ चौदा पौंड उरतात.

या आकड्यावरून लेट-ऑफ जितका अधिक तितका खांदा सुरक्षित, असा समज होतो. तो अपुरा आहे. नेम धरणे सोपे झाले, तरी शिखराचा भार ओलांडल्यावाचून तेथवर पोहोचता येत नाही. शिवाय हरिण झाडाआड गेले, तर बाण न सोडताच दोरी हळूहळू पुढे न्यावी लागते. त्या वेळी तोच भार उलट दिशेने एकाएकी अंगावर येतो, आणि दुखावलेल्या कंडरेला हा हिसका ओढण्यापेक्षाही जाचक ठरू शकतो. म्हणून कॅमचा आकार पौंडांच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. वेगासाठी बनविलेले कॅम भार चटकन शिखरावर नेतात, बराच काळ तेथेच ठेवतात आणि मग एकदम सोडतात. सौम्य कॅममध्ये चढ व उतार दोन्ही संथ असतात. साठ पौंडांचीच दोन धनुष्ये या भेदामुळे खांद्याला अगदी निराळी वाटतात. सौम्य कॅममुळे बाणाचा वेग काहीसा घटतो. दुखावलेल्या खांद्याने ही किंमत द्यावी हे उचित.

मात्र भार वाटेल तितका कमी करता येत नाही, कारण येथे केवळ शिकाऱ्याच्या सोयीचा प्रश्न नसतो. दुबळा बाण हरणास तात्काळ मारीत नाही. ते जखमी होऊन रानात दूर जाते आणि यातना भोगीत मरते. म्हणूनच अनेक राज्यांनी किमान भार कायद्याने ठरविला आहे. ऑरेगॉन राज्याच्या नियमांत तो हरणासाठी ४० पौंड व एल्क या मोठ्या सांबरासारख्या प्राण्यासाठी ५० पौंड असा आहे. ईस्टन या बाण बनविणाऱ्या कारखान्याच्या प्रसिद्ध कोष्टकात हरणासाठी २५ ते ४१ फूट-पौंड, म्हणजे सुमारे ३४ ते ५६ ज्यूल, गतिज ऊर्जा सांगितली आहे. सव्वीस ग्रॅम वजनाचा बाण सेकंदास ६४ मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा सुमारे ५३ ज्यूल भरते. आणि हा वेग पन्नास पौंडांच्या आधुनिक धनुष्याच्या आवाक्यातील आहे. म्हणजे हरणासाठी सत्तर पौंडांची गरज नाही. भार कमी असल्यास बाण फार हलका निवडू नये, आघातानंतर उघडणाऱ्या फाळाऐवजी स्थिर व धारदार फाळ घ्यावा, आणि जवळूनच बाण सोडावा.

ओढीची लांबीही तपासली पाहिजे. दोन्ही हात पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधील अंतर इंचांत मोजावे व त्यास अडीचने भागावे, म्हणजे स्थूल माप मिळते. माप जास्त झाल्यास धनुष्य धरणारा खांदा वर चढतो आणि ओढणारा कोपर फार मागे जातो. तेव्हा शंका असल्यास अर्धा इंच कमी बरा. दुखापत धनुष्य धरणाऱ्या बाजूस असेल, तर धनुष्याचे स्वतःचे वजनही मोजावे, कारण ते तोललेल्या हातावर सतत राहते.

निवड करताना एक साधी परीक्षा उपयोगी पडते. खुर्चीवर बसून, पाय जमिनीपासून उचलून, धनुष्य समोर आडव्या रेषेत धरावे व दोरी सावकाश ओढावी. थोडा वेळ स्थिर राहून तितक्याच सावकाश परत न्यावी. धनुष्य आभाळाकडे उचलावे लागले किंवा खांद्यात कळ आली, तर भार अधिक आहे. घरी सहज वाटणारा भार थंडीत मचाणावर दोन-तीन तास निश्चल बसल्यानंतर सहज वाटत नाही. यास्तव परीक्षेत उतरलेल्या भारापेक्षाही पाच पौंड कमी ठेवणे शहाणपणाचे. या दृष्टीने भाराचा पल्ला विस्तृत असलेले धनुष्य श्रेयस्कर. काही धनुष्यांत तो पाच ते सत्तर पौंडांपर्यंत बदलता येतो. अशा धनुष्यावर अल्प भारापासून सराव आरंभून, खांदा सुधारेल तसे पेच आवळून भार वाढविता येतो. एवढे करूनही कायद्याचा किमान भार वेदनेवाचून ओढता आला नाही, तर दुसऱ्या हाताने धनुष्य ओढण्यास शिकणे किंवा क्रॉसबो वापरणे हे मार्ग उरतात. क्रॉसबोविषयीचे नियम राज्याराज्यांत भिन्न आहेत.

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांची शिकार निषिद्ध आहे. येथे कंपाउंड धनुष्य लक्ष्यवेधाच्या क्रीडेपुरतेच आहे. २०२३ साली बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे यांनी याच धनुष्यावर वैयक्तिक अजिंक्यपदे मिळविली. येथील धनुर्धरासही खांद्याची काळजी चुकत नाही. त्याचा बाण निर्जीव लक्ष्यावर जातो, तेव्हा त्यास भार कमी करण्याची मोकळीक अधिक आहे. शिकाऱ्यास ती मर्यादितच असते. एका बाजूस त्याची कंडरा आणि दुसऱ्या बाजूस प्राण्याचा वेदनारहित अंत, या दोन मर्यादांच्या मध्ये जो भार बसेल तोच त्याचा भार होय. आणि असा भार मुळीच उरला नसेल, तर त्या हंगामापुरते धनुष्य खुंटीवर ठेवणे हेच योग्य होय.