टायरची रुंदी नको, आधी गाडीचं वजन विचारा

थार किंवा गुरखा घेऊन टायरच्या दुकानात गेलेल्या पुणेकराचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: हिला जास्तीत जास्त किती रुंद टायर बसेल? मग विंच, लोखंडी बंपर, छतावरचा तंबू, पाण्याचे कॅन असं एकेक चढत जातं आणि गाडी स्पितीच्या वाटेला लागते. वजन किती भरलं, हे कुणी बघत नाही. खरं तर माणसं आणि सामान भरून आधी वजनकाट्यावर जावं. एकदा पूर्ण गाडी तोलावी, एकदा फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन. सामान बहुतेक मागेच असतं, त्यामुळे टायर ठरतो तो मागच्या आकड्यावर.

टायरच्या कडेवर आकारानंतर भारांक लिहिलेला असतो. 105 म्हणजे एका टायरला 925 किलो, 111 म्हणजे 1,090. मागच्या चाकांचा आकडा दोनने भागून तो याच्याशी ताडावा. पण डावी-उजवी बाजू सारखी भरत नाही आणि खड्ड्यात आदळताना भार क्षणभर कितीतरी वाढतो, म्हणून काठोकाठ हिशेब करू नये.

‘दहा प्लायचा टायर घातला, आता चिंता नाही.’ हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. एलटी 245/75 आर16 या आकाराच्या दहा प्लाय टायरचा भारांक 120, म्हणजे 1,400 किलो. पण तो सुमारे 80 पीएसआयला. सवयीने 35 भरली, तर हाच टायर निम्म्याहून थोडाच जास्त भार पेलतो. वजन उचलते ती हवा. टायरचं काम ती हवा धरून ठेवण्याचं. शिवाय आजच्या रेडियल टायरमध्ये मोजून दहा थर नसतातच, तो फक्त ताकदीचा दर्जा आहे. तेव्हा असा टायर घातल्यावर दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरचा दाब चालत नाही, टायर कंपनीचा भार-दाब तक्ता मागून घ्यावा. रिमलाही भाराची मर्यादा असते. रिम आणि टायर यांतला कमी आकडा खरा.

‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल’ हा सल्ला पंक्चरवाल्यापासून काकांपर्यंत सगळे देतात. घडतं नेमकं उलटं. कमी हवेत टायरची कड सतत दबते, तापते आणि भरल्या गाडीखाली तीच फाटते. दाब तपासायचा तो टायर गार असताना.

रुंद टायर चिखलात चांगला, हेही अर्धंच खरं. वेल्हे-मुळशीकडच्या वाटांवर बऱ्याचदा वरच्या चिखलाखाली घट्ट मुरूम असतो. तिथे अरुंद टायर चिखल कापून मुरमाला भिडतो, रुंद टायर वरच घसरत राहतो. तळच न लागणाऱ्या चिखलात किंवा वाळूत मात्र रुंदीचा उपयोग होतो.

मोठी रिम दिसते छान. 2020 च्या थारला दोन आकार होते: 245/75 आर16 आणि 255/65 आर18. बाहेरून व्यासात फरक जेमतेम दीड सेंटीमीटर, पण सोळाच्या टायरची कड सुमारे 184 मिलिमीटर, अठराची 166. दगडधोंड्यांत ही जादा कडच रिम वाचवते. म्हणजे स्वस्त मॉडेलचा आकार या कामाला अधिक बरा! स्टील की अलॉय यावर भांडण्यात फार अर्थ नाही. साधारणपणे स्टील वाकतं आणि ठोकून घरी येता येतं, अलॉय तडकतो. पण कमी भारमर्यादेची स्टील रिम चांगल्या अलॉयपेक्षा वाईटच. चाकं बाहेर काढणारी रिम किंवा स्पेसर मात्र टाळा, बेअरिंगवर ताण येतो. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या आकारांत राहिलात, तर आरटीओ आणि विम्याची कटकटही टळते.

कच्च्या वाटेसाठी हवा उतरवली असेल, तर वेग कमी ठेवा आणि डांबरी रस्ता लागताच पुन्हा भरा. गाडीत कंप्रेसर नसेल, तर भरल्या गाडीची हवा उतरवूच नका.