आडनावातले गाव

आमच्या गावात भर बाजारात कुणी ‘ओ मिठबावकर’ अशी हाक मारली, तर सगळा गाव वळून बघेल, नाही तर कुणीच बघणार नाही. गावात माणूस ओळखला जातो तो बापावरून, घरावरून, वाडीवरून. माझ्या आजोबांनाही मिठबावात हे आडनाव नव्हते. ते त्यांना मुंबईत मिळाले. गोदीतल्या त्यांच्या टोळीत इब्राहिम तीन. एक राजापूरचा, एक बाणकोटचा आणि तिसरे आमचे आजोबा. मुकादमाने हजेरीच्या वहीत तिघांच्या नावापुढे त्यांची त्यांची गावे लिहून टाकली आणि प्रश्न मिटवला. त्या वहीतला शब्द आज माझ्या पासपोर्टवर आहे.

गावाच्या नावाला ‘कर’ जोडला की आपल्याकडे आडनाव तयार होते. मालवणचा मालवणकर, वेंगुर्ल्याचा वेंगुर्लेकर. सचिनचे गुरू रमाकांत आचरेकर यांच्या आडनावात आमच्या शेजारचे आचरे आहे. पण आचऱ्यातच राहणाऱ्या माणसाला आचरेकर म्हणून उपयोग काय? ही आडनावे कामाला येतात ती बाहेरगावी.

इंग्रजांकडेही हेच झाले. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतरच्या दोन-तीन शतकांत तिथे आडनावे रुजली आणि त्यांतली पुष्कळशी गावांची होती. बाराव्या शतकात विल्यम नावाचा एक जमीनदार हार्टबर्न या गावावरून ओळखला जाई. पुढे त्याला डरहॅम परगण्यातले वॉशिंग्टन हे गाव मिळाले, तसा तो वॉशिंग्टनचा विल्यम झाला. त्याच्याच वंशात अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जन्मले. म्हणजे एका खेड्याचे नाव माणसाला लागले आणि त्या माणसावरून थेट देशाच्या राजधानीला!

आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आहे. बाबासाहेबांचे घराणे सकपाळांचे, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. गावावरून आंबडवेकर आणि शाळेत त्याचे आंबेडकर झाले. 1995 साली उत्तर प्रदेशात आंबेडकरनगर नावाचा जिल्हा झाला. कोकणातल्या डोंगरातले एक लहानसे गाव असे अयोध्येच्या शेजारी जाऊन बसले. तिथल्या किती जणांना आंबडवे ठाऊक असेल, कोण जाणे.

‘कर’ जात सांगत नाही, धर्मही सांगत नाही. जात उघड करणारे आडनाव टाकून गावाचे आडनाव लावणारी कितीतरी घरे महाराष्ट्रात आहेत. अलिबागकडच्या बेने इस्रायली ज्यूंचेच बघा. किहीमचे ते केहिमकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर. आपल्या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर त्यांतलेच. ‘बूट पॉलिश’मधला जॉनचाचा आठवतो? पडद्यावर नुसते डेव्हिड. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, म्हणजे आपल्या चौलचे. यांतली कितीतरी घरे पुढे इस्राएलला गेली आणि आडनावातून कोकण घेऊन गेली.

या न सांगण्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. नव्वदच्या दशकात मुंबईत भाड्याची खोली शोधत होतो. एका घरमालकांना फोन केला, नुसते आडनाव सांगितले. ते खूश. “म्हणजे मालवणीच की तुम्ही! या संध्याकाळी.” गेलो. माशांच्या गप्पा झाल्या, सोलकढीत लसूण घालावी की नाही यावर वाद झाला. मग करारासाठी त्यांनी पूर्ण नाव विचारले. मी सांगितले. ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांना एकदम आठवले, की पुतण्या गावाहून राहायला येणार आहे. चहा मात्र त्यांनी पुरा पाजला. मला राग आला तो नंतर, जिना उतरताना.

कवी असल्यामुळे मी गावाच्या नावाशीही खेळत बसतो. बाव म्हणजे विहीर. पण अलीकडचे ‘मिठ’ कसले? मराठीतले मीठ म्हणावे तर पाणी खारट, उर्दूतले मीठा म्हणावे तर गोड. खाऱ्या समुद्राच्या काठी गोड्या पाण्याची विहीर सापडली, तर गावाला तिचेच नाव पडणार, असे मला वाटते. घरात दोन्ही भाषा असल्याचा हा फायदा.

माझी मुलगी पुण्यात जन्मली. मागे तिला घेऊन गावी गेलो होतो. एसटीतून उतरलो तर वाटेत एका म्हातारीने तिला हटकले, “कोणाचा गो चेडू तू?”

मुलगी ऐटीत म्हणाली, “मिठबावकर.”

म्हातारी बोळके पसरून हसली. “ते आमी सगळेच. बापाशीचा नाव सांग.”